लोखंडाच्या मुलखातले अकीक

पोलादासारखा चमकणारा एखादा काळसर दगड घ्या आणि फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर जोर देऊन ओढा. रेघ काळी उमटत नाही. वाळलेल्या रक्तासारखी तांबडी उमटते. हा हेमॅटाइट, एक लोहखनिज. दिसायला तसाच दुसरा दगड काळी रेघ ओढतो आणि लोहचुंबकाला घट्ट चिकटतो, तो मॅग्नेटाइट. रेघ पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला मेसाबी नावाचा लोहखनिजाचा पट्टा आहे. तिथे दगड वेचायला जायचं तर फरशीचा तुकडा आणि चुंबक एवढी हत्यारं सुरुवातीला पुरतात.

सुमारे 188 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव उन्हावर जगत आणि ऑक्सिजन सोडत. त्या ऑक्सिजनने लोह गंजलं आणि तळाशी बसलं. मध्ये मध्ये सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचे, थर साचत गेले. पुढे काही ठिकाणी पाण्याने सिलिका धुऊन नेली, तिथे भरघोस लोहाचं खनिज उरलं. 1892 मध्ये मेसाबीचा पहिला माल रवाना झाला. हिबिंग गावाजवळची खाण आता पाच किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे.

या पट्ट्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा दगड खाणीला मात्र नको होता. बिवाबिक गावाजवळच्या मेरी एलन खाणीवरून त्याला मेरी एलन जास्पर म्हणतात. कापून घासला की गडद लाल रंगात फिकट वेटोळी दिसतात, जवळजवळ उभी राहिलेली बोटं असावीत तशी. ही बोटं म्हणजे त्याच सूक्ष्मजीवांच्या वसाहती. चिकट थरावर थर चढवत त्या उंच होत गेल्या आणि तशाच दगड झाल्या. लोहाला समुद्राच्या तळाशी बसवणारे जीव त्याच लोहाने रंगून आपल्या तळहातावर येतात! नैऋत्येला कायुना पट्ट्यात बिंगहॅमाइट मिळतो. क्वार्ट्‌झमध्ये लोहखनिजाचे केसासारखे बारीक तंतू असतात, त्यामुळे दगड हलवला की लसण्या खड्यात सरकते तशी प्रकाशाची रेघ सरकते.

आणि अकीक, म्हणजे सिलिकाचा पट्टेदार दगड? तो या लोखंडापेक्षा बराच तरुण. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी इथे खंड फाटू लागला आणि भेगांतून लाव्हा वाहिला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि भिंतीपासून आतल्या बाजूला एकेक पापुद्रा धरत गेलं. पुढे हिमनद्यांनी हा थिजलेला लाव्हा, म्हणजे बेसॉल्ट, भरडला, पण काचेपेक्षा कठीण अकीक टिकून राहिले आणि बर्फाबरोबर दूर दक्षिणेपर्यंत गेले. म्हणून ते सुपीरियर सरोवराच्या काठावर सापडतात, तसेच मूस लेकसारख्या गावांभोवतीच्या वाळू-खडीच्या खाणींतही. 1969 मध्ये मिनेसोटाने या अकीकाला राज्याचं रत्न ठरवलं.

चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. ती खासगी जागा असते आणि उभे कडे कधी ढासळतील याचा नेम नसतो. राज्याच्या उद्यानांत दगड उचलायला मनाईच आहे. खडीच्या खाणीच्या मालकाला आधी विचारावं.

वेळ निवडायची तर पाऊस थांबल्यानंतरची, ऊन तिरपं असताना. सूर्याकडे तोंड करून सावकाश चाला. बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटचे गोटे ओले असले तरी मिट्ट दिसतात; अकीक मात्र आतून उजळतो, मधाच्या थेंबासारखा. उचलून पाहा. बाहेरची साल खड्डे पडलेली असते, फुटलेला भाग मेणासारखा तुळतुळीत. नख अडकणार नाही इतके बारीक लाल-पांढरे पट्टे. त्यातला लाल रंग हेमॅटाइटच्या कणांचा, म्हणजे सुरुवातीला फरशीवर उमटलेल्या त्या तांबड्या रेघेचाच.