घोंगडी-संग्रह (मराठवाडा)

घोंगडी-संग्रह : हातमागावरच्या लोकरी घोंगड्या वस्त्रकला म्हणून पारखून घेण्याची, त्यांची नोंद करण्याची आणि त्या जतन करण्याची पद्धत. मराठवाड्यातल्या पैठणी, हिमरू, मशरू या वस्त्रांना राजाश्रय होता, त्यामुळे त्यांचे नमुने जपले गेले. घोंगडी मेंढपाळाच्या खांद्यावर, शेतातल्या आखाड्यावर आणि देवाच्या जागरात झिजत राहिली. म्हणून जुनी आणि धड घोंगडी क्वचितच हाती लागते.

घोंगडीची सगळी गुणवत्ता लोकरीत असते. ती दख्खनी मेंढीची, वर्षातून दोनदा कातरलेली, जाडीभरडी आणि राठ लोकर. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ते मऊ असते आणि त्याची घोंगडी सर्वांत मोलाची मानतात. काळा, करडा, तपकिरी, पांढरा हे रंग मेंढीचेच असतात, रंगाऱ्याचे नव्हेत. आता मांसासाठी कमी लोकरीच्या मेंढ्या पाळण्याकडे कल वाढला आहे. लोकरीला कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव मिळत नाही, तेव्हा ती टाकून दिली जाते. निव्वळ दख्खनी लोकरीची हातकताई घोंगडी आजच जमवायला हवी, ती याचसाठी.

विणकर प्रामुख्याने सणगर आणि खुटेकर धनगर समाजांतले. कातरलेली लोकर निवडून, पिंजून चरख्यावर कातली जाते. मग ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे, उन्हात पसरून त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून वाटतात आणि ते वाटण शिजवून कुंच्याने धाग्यावर ओढतात. इथे हात चुकला की पुढचे सगळे बिघडते. खळ कमी पडली तर मागाच्या फणीत घासून धाग्यावर तंतू उभे राहतात, शेजारचे धागे एकमेकांत अडकतात आणि तुटतात. जास्त झाली तर धागा कडक होऊन मोडतो. पावसाळ्यात ताणा वाळत नाही, म्हणून काम मंदावते. विणकाम खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, आणि साध्या विणीचे असते. माप हातात सांगतात. एक हात म्हणजे साधारण दीड फूट.

पारख करताना पट्ट्यांच्या रंगांना भुलू नये. एकसारख्या काळ्या रंगाची साधी घोंगडी ही विणकराची खरी परीक्षा, आणि संग्रहाची सुरुवात तिच्यापासूनच करावी. हातकताईचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो आणि लोकरीत कुसळ किंवा गोखरूचा तुकडा अडकलेला सापडतो. दोरा अगदी एकसारखा असेल तर तो गिरणीचा. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासावा. फडक्याला काळा रंग लागला तर लोकर रंगवलेली आहे. सुटलेला एक धागा जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरते, तर ॲक्रिलिक वितळून टणक मणी होतो. उन्हाने तांबूस झालेला काळा रंग हा दोष नव्हे. नैसर्गिक काळी लोकर अशीच विटते. घोंगडी उजेडासमोर धरून वीण विरळ झालेल्या जागा शोधाव्यात. जुने रफू उसवू नये, तोही त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे.

खरेदी शक्यतो विणकराकडून थेट करावी. मेंढपाळ जिथे जमतात तिथेही घोंगड्या भेटतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा त्यातली मोठी. एकाच विणकराच्या दोन घेणे उत्तम : एक कोरी, खळीसकट ठेवायची आणि दुसरी वापरून तिचा मऊपणा पाहायचा. कोरी घोंगडी फळीसारखी ताठ असते. ते अस्सलपणाचे लक्षण आहे, पण खळ म्हणजे पिष्ट, त्यामुळे दमट हवेत तिला बुरशी आणि किडे लवकर धरतात.

सर्वांत मोठा शत्रू कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी. ती अंधारात, घडीच्या आत, घामाच्या आणि तेलाच्या डागांजवळ वाढते. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड किड्यांना थोडे दूर ठेवतात, पण आत शिरलेली अळी त्यांनी मरत नाही. ती मरावी म्हणून नवी आणलेली घोंगडी हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे 18 अंश सेल्सिअसला किमान दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, नाहीतर हवेतली वाफ थंड लोकरीवर पाणी होऊन बसते. पुढे मात्र प्लास्टिक नको. कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून, जाड नळकांड्यावर सैल गुंडाळी करावी. सारखी एकाच रेषेत घडी पडली की तिथले धागे तुटतात. आषाढ ते भाद्रपद या काळात दर महिन्याला एकदा उघडून पाहावी.

धुणे शक्य तेवढे टाळावे. धुवायचीच तर थंड पाण्यात, रिठ्याने, न चोळता. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत गुंततात, घोंगडी आटून तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबल्यासारखा लोकरीचा थर, होतो आणि ते परत सुटत नाही. पिळू नये, दोरीवर टाकू नये. ओल्या लोकरीचे वजन तिला खाली ओढते. सावलीत सपाट वाळवावी.

भिंतीवर लावताना खिळे ठोकू नयेत. वरच्या कडेला मागून सुती पट्टीची नळी टाचून तिच्यातून दांडी घालावी, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर वाटला जातो. उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत असावा आणि काही महिन्यांनी उतरवून विश्रांती द्यावी. नोंदीत गाव, विणकराचा समाज, लोकरीचा रंग, जावळ की प्रौढ मेंढीची, हातातले माप, वजन, खळ आहे की निघाली आणि घेतल्याचा दिवस लिहावा. क्रमांकाची सुती पट्टी कोपऱ्यात, उलट बाजूला, दोन सैल टाक्यांनी शिवावी. गोंद वापरू नये.