इलेक्ट्रॉनिक संगीतातील प्रत्यक्ष वादन

सिंथेसायझर, ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारा सॅम्पलर, ड्रम मशीन आणि संगणक यांवर उभ्या केलेल्या रचनेत माणसाने वाजवलेली वाद्ये मिसळण्याची पद्धत. वाद्याच्या नादाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल येथे वादकाच्या हातातल्या लयीला असते.

निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांनी गायिका डॉना समर यांच्यासाठी १९७७ मध्ये केलेले ‘आय फील लव्ह’ जवळजवळ पूर्णपणे मोग सिंथेसायझरवर घडले आहे. बेस ड्रम मात्र ड्रमवादक कीथ फोर्सी यांनी प्रत्यक्ष वाजवला, कारण मोगमधून तसा भरीव ठोका निघेना.

पुढचा पेच वेळेचा होता. सूर व ठोके क्रमाने नोंदवून वाजवणाऱ्या सिक्वेन्सरमधील ‘क्वांटाइझ’ ही सोय प्रत्येक ठोका जवळच्या ठरावीक जागेवर ओढून बसवते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले, तर प्रत्येक भाग नेमका १२५ मिलिसेकंदांचा होतो. ठेका चोख बसतो, पण झुलत नाही. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझबरोबरच ‘स्विंग’ही दिले. त्यात अशा दोन-दोन भागांच्या जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा पडतो. ६६ टक्के स्विंगला जोडीच्या २५० मिलिसेकंदांपैकी पहिला भाग सुमारे १६५ घेतो आणि दुसऱ्याला ८५ उरतात. लिन यांनीच रचलेल्या आकाई एमपीसी-६० (१९८८) या सॅम्पलर व ड्रम मशीन एकत्र असलेल्या यंत्रामुळे हा झुलता ठेका हिपहॉपमध्ये रुळला.

डेट्रॉइटचे हिपहॉप निर्माते जे डिला (१९७४–२००६) त्याच्याही पलीकडे गेले. त्यांच्या एमपीसीवरच्या ठेक्यात एक ध्वनी किंचित घाईने येतो, दुसरा रेंगाळतो. ही हयगय नव्हती. ते ठोके ऐकून, पारखून त्या जागी ठेवलेले होते. पुढे क्वेस्टलव्ह यांच्यासारखे ड्रमवादक यंत्रावर घडलेला हा ठेका हातात बसवू लागले. या संगीताच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर उलटा प्रवास म्हणावा लागेल.

माणसाची लय म्हणजे केवळ अनियमितपणा, हा समज चुकीचा आहे. संशोधक होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की वादकाच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरक एकमेकांशी जोडलेले असतात. एका ठोक्याच्या सरकण्याचा प्रभाव पुढे बराच वेळ टिकतो. श्रोत्यांनीही असे फरक असलेले संगीत स्वैर फरक पेरलेल्या संगीतापेक्षा पसंत केले. त्यामुळे ठोके कसेही विखुरणारे ‘ह्यूमनाइझ’ बटण चांगल्या वादकाची जागा घेऊ शकत नाही.

मंचावर खरा प्रश्न असतो तो लय कोणी धरायची याचा. वादकाच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राची ठरावीक टिकटिक, सोडली की सगळे एकत्र राहतात, पण लय ओढता वा सैल सोडता येत नाही. उलट वादकाच्या मागे यंत्राने चालावे, यासाठी एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरच्या अकराव्या आवृत्तीत (२०२१) येणाऱ्या ध्वनीवरून वेग ओळखण्याची सोय आली. संगणकातून आवाज परत येण्यास लागणारा विलंबही सांभाळावा लागतो. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे साडेतीन मीटर जातो; म्हणून तेवढा विलंब म्हणजे सोबतचा वादक तितका दूर उभा असल्यासारखे.