एकास पाचची टेकडी

पावसाळा सरला की वेताळ टेकडीवरून उतरताना मोज्यांना कुसळं चिकटतात. घरी येऊन पायरीवर बसायचं आणि एकेक उपटत राहायचं, हा पुण्यातल्या बऱ्याच घरांचा रविवारचा कार्यक्रम. पुढच्या वेळी त्यातलं एक फेकू नका. बशीत ठेवा आणि वर दोन थेंब पाणी टाका. त्याची लांब शेपटी पिळलेली असते, ती ओली झाली की उलगडायला लागते आणि बी बशीत हळूहळू फिरू लागतं. सुकलं की पुन्हा पीळ. टेकडीवर हे काम दव आणि ऊन मिळून करतात. ओल-वाळ, ओल-वाळ करत कुसळीचं बी स्वतःलाच स्क्रूसारखं मुरमात पिळून घेतं.

इतक्या खटाटोपाने जिथे गवत उगवतं, त्या जागेला आपण सरसकट ‘पडीक’ म्हणतो. ‘टेकडीवर आहे काय? नुसतं वाळलेलं गवत!’ हे वाक्य मी जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांकडून जेवढं ऐकलंय, तेवढंच हौशी वृक्षप्रेमींकडूनही ऐकलंय.

१९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत ३८ गावं आली. पुढे काही वगळली गेली आणि २३ उरली. बाणेर, बावधन, वारजे, धायरी, कात्रज, कोंढवा ही त्यातलीच. शेतं होती तिथे सोसायट्या यायला लागल्या आणि सगळ्यांची नजर मागच्या टेकड्यांकडे गेली. या गावांचा विकास आराखडा करताना महापालिकेने सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर ‘जैववैविध्य उद्यान’ असं आरक्षण टाकलं. इंग्रजी ‘बायोडायव्हर्सिटी पार्क’वरून बोलीत त्याचं झालं बीडीपी. माजी महापौर वंदना चव्हाण आणि टेकडीप्रेमी नागरिकांनी ते लावून धरलं. राज्य सरकारचा शिक्का बसायला मात्र २०१५ उजाडलं. आपल्याकडे महापालिकांच्या दूरदृष्टीचे दाखले शोधावे लागतात. हा एक आहे, असं माझं मत.

टेकडी कुठे सुरू होते, हे ठरवायला नियमात एक सोपं माप आहे: एकास पाच. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ लागला, तर ती डोंगरउताराची जमीन, तिथे बांधकाम नको. अंशांत सांगायचं तर साधारण ११ अंश. एकास पाचचा चढ म्हाताऱ्या माणसालाही हळूहळू चढता येतो. पावसाचं पाणी मात्र त्यावरून धावत सुटतं. मधे गवत नसेल तर.

आता थोडी आकडेमोड. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटरची सर कोसळली की पाच लाख लिटर पाणी पडतं. किती वाहून जाईल याचा अंदाज बांधायला इंजिनिअर एक गुणांक वापरतात. गवताच्या उतारासाठी तो ०.३ धरू, काँक्रीट आणि छपरांसाठी ०.९. म्हणजे गवतावरून दीड लाख लिटर खाली येईल, काँक्रीटवरून साडेचार लाख. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत, पंधरा टँकरच्या जागी पंचेचाळीस, आणि तेही बऱ्याच कमी वेळात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा एरवी नाला म्हणूनच ओळखला जातो. त्या रात्रीच्या पुरात शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र जागोजागी आवळलं गेलं होतं, हे त्याचं मोठं कारण. पण वरून येणारं पाणी किती आणि किती वेगाने येतं, याचा निकाल उतारावरच लागतो.

जे वाहून जात नाही, त्याची गोष्ट मला जास्त रंगतदार वाटते. आपल्या टेकड्या म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, त्यातून पाणी फक्त भेगांमधून उतरतं. काही थर वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेले. पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरली. हा खडक झिजला की ठिसूळ होतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की खूश होतात, कारण पाणी त्यात मुरतं. टेकडीवर पडलेलं पाणी असं भेगांतून उतरतं, मांजऱ्यात पसरतं, खाली घट्ट थर आला की आडवं सरकतं आणि पायथ्याला कुठेतरी झरा म्हणून बाहेर येतं किंवा एखाद्या विहिरीत उतरतं.

पण बसाल्टची, म्हणजे या लाव्हाच्या खडकाची, ही टाकी फार मोठी नसते. शंभर घनमीटर खडक घेतला, तर उपसता येण्याजोगं पाणी त्यात साधारण एक ते तीन घनमीटरच निघतं. आणि ते लांबून आलेलं नसतं, जवळच्याच टेकडीवर मुरलेलं असतं. त्यामुळे बावधनच्या सोसायटीची बोअर मार्चमध्ये आटली, तर आणखी दोनशे फूट खाली जाण्याआधी मान वर करून टेकडीकडे बघायला हवं.

पुण्यात पाण्याचा हिशेब टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, केला नाही तर कुणाला पटत नाही. तर, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर बीडीपीच्या ९७८ हेक्टरवर पाव टीएमसीच्या जवळपास पाणी पडतं. खडकवासला धरण दोन टीएमसीचं. म्हणजे या टेकड्यांवर दरवर्षी खडकवासल्याचा आठवा हिस्सा पडतो. सगळाच मुरत नाही, अर्थात.

आरक्षण टाकणं सोपं, जमीन ताब्यात घेणं अवघड. बीडीपीतली बरीच जमीन खासगी आहे आणि मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर. म्हणजे शंभर चौरस फूट टेकडी द्या आणि आठ चौरस फूट बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला घ्या. रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी जागा देणाऱ्याला याच्या कित्येक पट मिळतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असलेला शेतकरी या आठ टक्क्यांकडे बघतो आणि गुंठा-गुंठा तोडून नोटरीवर विकतो. त्याला नुसतं लोभी म्हणणं मला जमत नाही. पाणी सगळ्या शहराने प्यायचं आणि टेकडी राखायची एकट्याने, हा हिशेब त्याच्या बाजूने बसतच नाही.

दुसरी अडचण मापाची. एकास पाच हा नियम उतार मोजतो, पाणी मोजत नाही. झरा फुटतो तो पायथ्याला, जिथे चढ सौम्य झालेला असतो आणि आरक्षणाची रेघ संपलेली असते. तिथे तळघरासाठी खोदाई होते, मांजऱ्या उघडा पडतो आणि पंप लावून पाणी गटारात सोडलं जातं. अशा एका खड्ड्यापाशी मी उभा होतो. भर एप्रिलमध्ये पाइपातून नितळ पाणी पडत होतं, आणि शेजारच्या सोसायटीत टँकर रिकामा होत होता. खणून निघालेला मुरूम आणि राडारोडा रात्री डंपरने परत टेकडीच्याच कडेला जातो, ओढ्याच्या तोंडाशी.

२०१७ मध्ये आणखी ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. मांगडेवाडी, भिलारेवाडी, जांभूळवाडी ही कात्रज घाटाच्या पायथ्याची गावं त्यातलीच. तिथे रेघ अजून नीट मारता येईल. ती मारताना हातात उताराच्या नकाशाबरोबर झऱ्यांचा आणि ओढ्यांचाही नकाशा असावा, एवढीच माझी मागणी.

आणि झाडं. टेकडी वाचवायची म्हणजे झाडं लावायची, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प अशाच सदिच्छेने लावलं गेलं. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं हे झाड पटकन वाढतं, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे लागवड हमखास यशस्वी दिसते. इथली मूळची मंडळी वेगळी: सालई, मेडशिंगी, मोई, गणेर. ती विरळ उभी राहतात आणि मधली जागा गवताला सोडतात. गिरिपुष्प दाटी करतं. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलांनी भरून जातं, तेव्हा फोटो काढायला गर्दी होते. दाट सावलीतून हिंडून घरी आलात, तर मोज्यांना एकही कुसळ नसतं.