पहिले कोण पाठवणार? वापरलेल्या खेळांच्या ऑनलाइन विक्रीतील विश्वासार्हतेची पार्श्वभूमी

आपल्या कपाटातला खेळ, मग तो व्हिडिओ गेमचे कार्ट्रिज असो, पत्त्यांचा संच असो वा पटावरचा खेळ, शेकडो मैलांवरच्या अनोळखी खेळप्रेमीला विकताना एक पेच टळत नाही. दोघांपैकी कोणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो: एक तर पैसे आधी जातात, नाहीतर वस्तू. वस्तूशेजारी तारखेची चिठ्ठी ठेवून छायाचित्र काढणे, पार पडलेल्या व्यवहारांची नोंद नावापुढे दाखवणे, ठरलेल्या किमतीवरून मागे न फिरणे, पार्सल निघाले की त्याच दिवशी कळवणे हे संकेत आज खेळप्रेमींच्या विक्रीगटांत सर्रास पाळले जातात. यांपैकी बहुतेक संकेत कोणत्याही कंपनीने वा सरकारने आखून दिलेले नाहीत. ते हौशी लोकांनी स्वतः घडवले आणि जवळजवळ प्रत्येकामागे कोणाचे तरी झालेले नुकसान आहे.

या इतिहासाचा आरंभ वेबच्याही आधीचा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी कल्पिलेल्या यूजनेट या संदेशजाळ्यावर पुढे खेळांच्या खरेदी-विक्रीसाठी स्वतंत्र गट निघाले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आला आणि देवघेवीला उधाण आले, कारण या खेळात पत्ते जमवणे आणि बदलून घेणे हा खेळाचाच भाग होता. अदलाबदलीत तर दोन्ही बाजूंनी वस्तूच जायची, त्यामुळे पहिले कोण पाठवणार हा प्रश्न उघडा पडला. त्यावर निघालेला तोडगा साधा होता. प्रत्येक जण ज्यांच्याशी पूर्वी नीट व्यवहार झाला अशांची यादी देई आणि ज्याची यादी लहान, त्याने आधी पाठवायचे. नवख्याला हे जाचक वाटे, पण त्यात एक न्याय होता: ज्याच्याकडे गमावण्यासारखा लौकिक नव्हता, त्याने पहिली जोखीम घ्यायची. चांगल्या आणि वाईट व्यवहारकर्त्यांच्या याद्याही फिरत. वाईट यादीत नाव घालण्यापूर्वी दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले जाईलच याची मात्र हमी नसे, आणि हा दोष पुढच्या अनेक व्यवस्थांनी वारशात घेतला.

पटावरच्या खेळांच्या जगाने या संकेतांत मोलाची भर घातली ती वर्णनाच्या काटेकोरपणाची. अ‍ॅव्हलॉन हिल ही युद्धखेळ काढणारी जुनी अमेरिकी कंपनी १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. तिचे छपाई थांबलेले खेळ हवे असतील, तर दुसऱ्याच्या कपाटातूनच मिळवावे लागत. अशा खेळांत पुठ्ठ्याच्या शेकडो लहान सोंगट्या असतात आणि त्या मूळ तक्त्यांतून सुट्या केल्या आहेत की नाहीत, यावर किंमत ठरते. म्हणून विक्रेत्याने सोंगट्या एकेक मोजून, एखादी हरवली असेल तर ती नेमकी कोणती हे लिहायचे, खोक्याचे कोपरे फाटले असतील तर सांगायचे, घरात कोणी धूम्रपान करते का, मांजर-कुत्रे आहे का हेही कळवायचे. बाहेरच्याला हे अतिरेकी वाटेल, पण पुठ्ठ्यात मुरलेला धुराचा वास निघत नाही, हे ज्याने असा खेळ विकत घेतला आहे त्याला ठाऊक असते. जानेवारी २००० मध्ये स्कॉट अल्डेन आणि डर्क सोल्को यांनी बोर्डगेमगीक हे पटावरच्या खेळांचे संकेतस्थळ सुरू केले आणि या सवयींना एक कायमचे ठिकाण मिळाले. तिथेच रुजलेल्या ‘मॅथ ट्रेड’मध्ये अनेक जण आपले खेळ आणि बदल्यात काय चालेल हे नोंदवतात आणि संगणक त्यांतून साखळ्या शोधतो: पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याला पाठवायचे. इथे एकाने माघार घेतली, तर ज्याच्याशी त्याचा थेट संबंधही नाही अशा माणसाचा खेळ जातो आणि हाती काही येत नाही. म्हणूनच निकाल लागल्यावर माघार घेणे हा तिथे गंभीर अपराध मानला जातो, आणि तो तसा मानला जावा हेच योग्य आहे.

दरम्यान लौकिकाची मोजदाद आकड्यांत होऊ लागली होती. पियरे ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ईबे म्हणून प्रसिद्ध झालेल्या लिलावस्थळावर फेब्रुवारी १९९६ मध्ये अभिप्रायाची सोय आली. चांगल्या व्यवहाराला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते की जिथे मालाची खरी अवस्था फक्त विक्रेत्यालाच माहीत असते, तिथे खराब माल चांगल्याला बाजाराबाहेर ढकलू शकतो. अभिप्रायाची व्यवस्था म्हणजे त्या दुखण्यावरचा उपाय होता आणि तो काही अंशी लागू पडला. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच विक्रेत्याची जुनी पोस्टकार्डे त्याच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरून विकली गेली, तेव्हा नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के अधिक किंमत मिळाली.

तरीही या आकड्यांत एक खोट होती. १९९९ मधील व्यवहारांच्या अभ्यासात खरेदीदारांचे नकारात्मक अभिप्राय एक टक्काही भरले नाहीत. सगळेच समाधानी होते असे यातून समजणे भाबडेपणाचे ठरेल. दोघेही एकमेकांना गुण देत असल्याने, आपण तक्रार लिहिली तर समोरचाही सूड म्हणून उणे शेरा मारेल, ही भीती मोठी होती. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी नकारात्मक शेरा देण्यास मनाई केली. विक्रेते चिडले आणि त्यांच्या चिडीत तथ्य होते, कारण पैसे न देणारा खरेदीदार आता नोंदीतून सुटू लागला. छोट्या खेळप्रेमी समुदायांनी दोन्ही बाजूंचे अभिप्राय चालू ठेवले, ते याच कारणाने.

पैशांच्या मार्गानेही शिष्टाचार बदलला. मनीऑर्डर आणि धनादेशाच्या जागी पेपॅल ही ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा आली. तिच्यात वस्तूच्या खरेदीसाठी संरक्षण मिळते, पण विक्रेत्याला शुल्क पडते. मित्र वा नातलगांना पैसे पाठवण्याच्या मार्गात हे संरक्षण नसते. शुल्क वाचवण्यासाठी अनोळखी माणसाकडून या दुसऱ्या मार्गाने पैसे मागणे हे आज कित्येक गटांत संशयाचे पहिले लक्षण मानतात. अमेरिकेत पुस्तकांसाठी असलेल्या स्वस्त टपालदराने व्हिडिओ गेम पाठवणे हाही असाच प्रकार आहे. तो दर खेळांना लागू नाही आणि टपालखात्याने पार्सल उघडले, तर फरकाचा भुर्दंड घेणाऱ्यावर येऊ शकतो.

किमती चढल्या तशी बनावट मालाची भीतीही वाढली. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारियो ६४’ या व्हिडिओ गेमची सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हौशी विक्रीतल्या किमती याच्या जवळपासही नसतात, पण गेमबॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राच्या लोकप्रिय कार्ट्रिजच्या नकला इतक्या हुबेहूब निघतात की वेष्टनावरून ओळख पटत नाही. त्यामुळे ३.८ मिलिमीटरच्या खास पेचकसाने कार्ट्रिज उघडून आतल्या सर्किट बोर्डाचे छायाचित्र मागण्याची पद्धत पडली. विक्रेत्याने न रागावता ते द्यावे, ही अपेक्षाही तिच्यासोबत आली. तारखेची आणि सदस्यनावाची चिठ्ठी शेजारी ठेवणे याचा हेतू वेगळा आहे: छायाचित्र दुसरीकडून उचललेले नाही आणि वस्तू आजही विक्रेत्याच्या हातात आहे, हे त्यातून कळते.

भारतात पहिल्या पाठवणीचा पेच टपालखात्याने एकोणिसाव्या शतकातच व्ही.पी.ने सोडवला होता. पोस्टमनला पैसे दिल्यावरच पार्सल हाती येई आणि मराठी पुस्तके खेडोपाडी अशीच पोचली. ऑनलाइन लिलावाची ओळख २००० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बाझी डॉट कॉमने करून दिली. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. २०१६ पासून यूपीआयने पैसे क्षणात पोचतात, पण एका व्यक्तीने दुसरीला स्वतः होऊन पाठवलेली रक्कम घेणाऱ्याच्या संमतीवाचून सहसा परत मिळत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतूनही, नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिक नात्याने विक्री करणारी व्यक्ती वगळलेली आहे. म्हणजे पुण्यातला खेळप्रेमी नागपूरच्या कोणाकडून प्लेस्टेशनची डिस्क घेतो, तेव्हा पैसे आधी पाठवणारा तोच असतो, आणि विक्रेत्याच्या जुन्या व्यवहारांची नोंद, तारखेची चिठ्ठी आणि कुरिअरची पावती एवढाच त्याचा आधार असतो. जिथे दोघे एकाच शहरात आहेत, तिथे समक्ष भेटून, डिस्क चालवून पाहून मगच पैसे देण्याची रीत आजही सर्वांत भरवशाची मानली जाते.