जुन्या हवेलीत नवं गाणं : संगीतपटांच्या पुनर्निर्मितीच्या वादाची पार्श्वभूमी

१० जानेवारी २०२५ रोजी 'संगीत मानापमान' हा चित्रपट लागला आणि जुना वाद नव्याने पेटला. १९११ सालच्या नाटकाला आता हात कशाला लावायचा? लावलाच, तर त्यातली पदं पुरेशी नव्हती का, नवी गाणी कशासाठी? आणि पदांनाही नवा वाद्यमेळ दिला, तर ते 'मानापमान' उरतं का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की हात लावला नाही तर विशीतल्या मुलांपर्यंत नाटकातली भामिनी आणि तिचा नायक धैर्यधर पोचणारच नाहीत.

हा वाद आजच्या स्वरूपात सुरू झाला तो खरं तर नऊ वर्षं आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आली तेव्हा. त्यामुळे सुरुवात तिथूनच करायला हवी.

नाटक म्हणून 'कट्यार' २४ डिसेंबर १९६७ चं. संगीत रंगभूमी संपली असं म्हणायची तोवर सगळ्यांना सवय झाली होती. १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' आणि १९६४ साली 'मत्स्यगंधा' या नाटकांनी तिच्यात थोडी धुगधुगी आणली होती. 'कट्यार'ने मात्र गाणं हाच नाटकाचा विषय केला. विश्रामपूरच्या दरबारात पंडितजी आणि खाँसाहेब असे दोन गवयी, दोन घराणी, आणि राजगायकाला मिळणारी एक हवेली. त्या हवेलीत कोणाचं गाणं घुमायचं, एवढाच प्रश्न. 'या भवनातील गीत पुराणे' हे पद आठवावं. हवेली ताब्यात आलेला खाँसाहेब जुन्या, हळव्या सुरांना बाहेरची वाट दाखवतो. म्हणजे पुनर्निर्मितीवर आज जो वाद चालतो, तो या नाटकाच्या पोटातच होता.

आमच्या घरी या नाटकातल्या पदांची कॅसेट होती. 'घेई छंद मकरंद' हे पद त्यात दोनदा येतं. शब्द तेच. पंडितजींच्या गायकीतलं धानी रागातलं, संथ, प्रत्येक ओळीवर विसावा घेणारं. खाँसाहेबांचं सलगवराळी रागातलं, चपळ आणि तानांनी भरलेलं. वडील एक ऐकून झालं की कॅसेट मागे-पुढे करून दुसरं लावायचे आणि मला विचारायचे, "फूल तेच, भुंगा तोच. मग बदललं काय?" संगीतकाराने एकाच पदाला दोन चाली लावून दोन घराण्यांचा स्वभाव उभा केला होता. 'मूळ चाल कोणती' असा प्रश्न या पदाला विचारताच येत नाही. दोन्ही मूळ.

चित्रपट करताना घेतलेला वादग्रस्त निर्णय असा : नाटकातली गाजलेली पदं ठेवायची, त्यांच्या चालींना धक्का लावायचा नाही, पण त्यांच्या जोडीला नवी गाणी घालायची. त्यासाठी मराठी रंगभूमीशी संबंध नसलेलं, हिंदी चित्रपटांत नाव कमावलेलं संगीतकार त्रिकूट बोलावलं गेलं. 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा', 'अरुणी किरणी', 'यार इलाही' ही सगळी नवी. पंडितजींचं काम नाटकापेक्षा पुष्कळ मोठं झालं आणि ते त्या त्रिकुटातल्याच एका गायकाने केलं. खाँसाहेबांना आवाज दिला तो रंगभूमीवरच्या पहिल्या खाँसाहेबांच्या नातवाने.

चित्रपट लागायच्या आधीच नाराजी उमटली होती. आक्षेप मुख्यतः तीन. १९६७ चा संगीतकार हयात नाही, मग त्याच्या पदांशेजारी दुसऱ्याचं गाणं बसवायचा अधिकार कोणी दिला, हा पहिला. दुसरा, खाँसाहेबांचं काम करणारा नट स्वतः गात नाही आणि संगीत नाटकात गायक-नट हाच प्राण. तिसरा मला सगळ्यांत वजनदार वाटतो : रंगमंचावर एक पद रंगलं की पंधरा मिनिटं चालतं, 'वन्स मोअर' मिळाला की पुन्हा. पडद्यावर ते तीन-चार मिनिटांत गुंडाळावं लागतं. पदाचा देह राहतो, पण त्याचा श्वास आखूड होतो.

हे आक्षेप मनात धरूनच मी चित्रपट पाहायला गेलो. आमच्या रांगेत सत्तरीच्या पुढचे पाच-सहा जण बसले होते. नाटकातलंच 'सुरत पिया की' सुरू झालं आणि रांगेतले सगळे हात एकाच वेळी मांडीवर ताल धरू लागले. नव्या गाण्यांना ते हात स्वस्थ होते, पण 'अरुणी किरणी'च्या शेवटच्या तानेला त्यांतल्या एकाने मोकळ्या गळ्याने दाद दिली. पुढे त्याच गाण्यासाठी गायकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'सूर निरागस हो' आता गणेशोत्सवात, शाळांच्या स्पर्धांत इतकं म्हटलं जातं की ते १९६७ च्याच नाटकातलं पद आहे असं सांगणारे मला अनेकदा भेटले आहेत.

असा गोंधळ मराठीत पहिल्यांदा होत नाही. १९३६ च्या 'संत तुकाराम' या बोलपटासाठी 'आधी बीज एकले' हे गाणं नव्याने लिहिलं गेलं. त्याची भाषा आणि चाल इतकी जमली की लोक ते तुकोबांच्या गाथेत शोधू लागले. ते गाथेत नाही, ते चित्रपटाच्या गीतकाराचं आहे. पण तुकोबांचा अभंग म्हणून ते आजही कीर्तनांत ऐकू येतं. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच्या वाङ्‌मयाशेजारी कोणी स्वतःचं कडवं ठेवलं आणि कोणालाही ते परकं वाटलं नाही. 'नवी गाणी घालूच नयेत' असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावं. नवं गाणं उपरं ठरतं ते कथेतला प्रसंग ते मागत नसतो तेव्हा. 'कट्यार'मधली 'यार इलाही' ही कव्वाली मला तशीच वाटली. 'सूर निरागस हो' तसं वाटलं नाही.

या सगळ्या वादात जो शब्द सर्वाधिक गोंधळ घालतो तो 'मूळ'. रंगभूमीवरच्या मंडळींकडे 'रिमेक' हा शब्द कधी नव्हता. ते म्हणतात 'पुनरुज्जीवित नाटक', किंवा सरळ 'नव्या संचात'. संहिता तीच, पदं तीच, नट वेगळे. प्रत्येक प्रयोग हा एका अर्थी नवा. 'रिमेक' चित्रपटवाल्यांचा शब्द. चित्रपट एकदा तयार झाला की त्याची एक पक्की प्रत असते आणि दुसरा चित्रपट त्या प्रतीसमोर उभा राहतो. संगीत नाटकावरून काढलेल्या चित्रपटाला आपण 'रिमेक' म्हणतो तेव्हा नकळत गृहीत धरतो की नाटकाचीही अशी एक पक्की प्रत कुठेतरी जपलेली आहे. ती नाही.

चालींचंच पाहा. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडलं तर पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि 'चाल' दिलेली असते. त्या चालीपुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची पहिली ओळ असते : कधी लावणी, कधी कानडी पद, कधी हिंदुस्थानी बंदिश. १८८० च्या 'शाकुंतला'पासून हीच रीत. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती आणि साकी, दिंडी, ओवी या छंदांच्या लोकांना पाठ असलेल्या चालींवर ती बसवलेली होती. 'मानापमाना'त पहिल्यांदा संगीतकार म्हणून स्वतंत्र माणसाने काम केलं. त्यानेही उत्तरेकडच्या ठुमऱ्या आणि पूरबी ढंगाच्या बंदिशी निवडून त्यांवर मराठी शब्द बसवले. तेव्हाच्या जाणकारांना ती चाल कुठून आली हे कळत होतं आणि त्यात कोणाला गैर वाटत नव्हतं. आपण आज ज्याला 'मूळ' म्हणून जपतो, ते त्या काळी नव्या कपड्यातलं जुनं गाणंच होतं.

गोव्यात हे अजून समोर पाहायला मिळतं. फोंड्याच्या आसपास देवळांच्या उत्सवांत गावातलेच लोक 'सौभद्र', 'मानापमान' करतात. तिथे अर्जुनाचं काम करणारा गळ्याला झेपेल तशी पट्टी घेतो, न जमणारं कडवं गाळतो, कधी पेटीवाल्याच्या सल्ल्याने वेगळीच तान घेतो. मांडवातले म्हातारे त्याला उद्या सकाळी टोकतील, पण नाटकच मोडलं असं कोणी म्हणत नाही.

अमेरिकेतलं चित्र याहून वेगळं. तिथल्या संगीतिकेची स्वरलिपी लिहिलेली असते आणि चाल पक्की असते. त्यामुळे १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'चा २०२१ मध्ये नवा चित्रपट झाला तेव्हा गाणी तीच राहिली. उलट १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'चा पुढचा भाग २०१८ मध्ये आला, त्यात गाणी सगळी नवी होती. एक तर सगळं जुनं, नाही तर सगळं नवं. हिंदीतही 'उमराव जान' हे दुसऱ्या वाटेचं उदाहरण. १९८१ च्या गझला लोकांच्या कानात असताना २००६ मध्ये त्याच कथेला पूर्ण नवी गाणी दिली गेली आणि तुलनेतून त्यांची सुटका झाली नाही. मराठीत 'कट्यार'ने मधली वाट काढली. ती आपल्या चालींच्या रीतीला धरून होती, असं माझं मत आहे.

आपल्याकडचे लाडके संगीतपट स्वतःही कुठून कुठून आलेले आहेत. १९७२ चा 'पिंजरा' हा तमाशापटांतला मानदंड. पण त्याची कथा १९३० च्या एका जर्मन बोलपटावरून घेतलेली. तिथला शाळामास्तर आणि कॅबरेतली नर्तकी, इथला गुरुजी आणि फडावरची नाचणारीण. पाठोपाठ त्याच दिग्दर्शकाने त्याची हिंदी आवृत्तीही काढली. त्याही आधी, तीसच्या दशकात, पुण्या-कोल्हापूरकडच्या कंपन्या एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा जोडीने काढत. १९३२ चा पहिला मराठी बोलपटही तसाच जोडीने निघाला.

'पिंजऱ्या'च्या बाबतीत पुढे वेगळी वाट निवडली गेली. त्याची नवी आवृत्ती न काढता २०१६ साली जुनाच चित्रपट स्वच्छ करून, डिजिटल रूपात पुन्हा लावला. नायिका संध्येची तीच लावणी, तोच ढोलकीचा तोडा, फक्त चित्रावरचे ओरखडे गेलेले. मला ही वाट फार मोलाची वाटते आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. साहित्य आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, चित्रपटाचा प्रदर्शनानंतर साठ वर्षं. 'मानापमान'चे नाटककार १९४८ मध्ये वारले, म्हणजे २००८ अखेर त्यांचे शब्द सर्वांचे झाले. त्या नाटकावर चित्रपट काढायला शब्दांपुरती कोणाची परवानगी लागत नाही. 'कट्यार'च्या नाटककाराचं आणि संगीतकाराचं निधन नव्वदच्या दशकाअखेरचं, तिथे हक्क शिल्लक आहेत. जुन्या गाण्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणाबाबत १९५७ च्या कायद्याने दोन वर्षांनंतर मोकळीक दिली होती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींवर दुसऱ्याच्या आवाजातली जुनी गाणी मिळत, ती या मोकळिकीवर. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली आणि हक्कदाराच्या संमतीशिवाय शब्द किंवा चाल बदलायला मनाई केली. म्हणजे कायदाही 'पुन्हा गाणं' आणि 'बदलून गाणं' यांत आता फरक करतो.

पण जुनं जसंच्या तसं राहू द्या असं म्हणताना जुनं आपल्याकडे आहे किती? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर आले, एक धैर्यधर, दुसरा भामिनी. मराठी रंगभूमीची ही सर्वांत गौरवाने सांगितली जाणारी रात्र. तिचं ध्वनिमुद्रण नाही. धैर्यधर करणारे त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. भामिनी करणाऱ्यांचा आवाज आपण ओळखतो तो तबकड्यांवरून, आणि त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. २०२५ च्या चित्रपटातली पदं आखूड झाली म्हणून आपण हळहळतो. ज्या नमुन्याशी ताडून हळहळतो, तोही तबकडीसाठी आखूड केलेलाच.

बोलपटांचं दुखणं याहून ताजं आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात सहज पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. तीस-चाळीसच्या दशकांतल्या बोलपटांच्या निगेटिव्ह त्यात गेल्या, 'संत तुकाराम' काढणाऱ्या कंपनीच्याही. जे चित्रपट आज पाहायला मिळतात ते नंतर काढलेल्या प्रतींवरून, त्यांत आवाज चिरकतो, गाण्याच्या मधोमध चौकट उडी मारते. पुनर्निर्मितीचा हक्क विकत घेताना त्याच करारात जुन्या प्रतीच्या डागडुजीचा खर्चही लिहून घ्यावा, ही मागणी चित्रपटांवर जीव असलेल्या लोकांत बोलली जाते. ती अजून कुठल्याही करारापर्यंत पोचल्याचं माझ्या पाहण्यात नाही.