सेन्सिटिव्हिटी आणि कार्यक्षमता: आकडा एकच, कानाला वेगळा का?

स्पीकर थोड्या वॉटमध्ये मोठा वाजतो हे सांगायला दोन शब्द वापरले जातात, सेन्सिटिव्हिटी आणि कार्यक्षमता, आणि बहुतेक जण ते एकाच अर्थाने वापरतात. शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर या गोंधळाने फारसं बिघडत नाही. माझा ३००बी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे चॅनेलमागे एकाच नळीवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर एका चॅनेलला जेमतेम ८ वॉट देतो. तिथे बिघडतं.

त्याला जोडून मी स्पीकरच्या दोन जोड्या एकाच खोलीत, एकाच जागी ठेवून ऐकल्या. दोन्हींच्या माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी ९२ डेसिबल छापलेली. एक जोडी उंच, सडपातळ, ४ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). दुसरी रुंद, अवजड पेटी, कागदी कोनचा १२ इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), ८ ओहमची. ज्याला जो टॅप, म्हणजे ४ किंवा ८ ओहमसाठीची जोडणी, योग्य तो लावला आणि मीटर धरून दोन्हींचा आवाज समान केला. हे करावंच लागतं, कारण एखादा डेसिबल जरी जास्त वाजला तरी कान त्यालाच ‘चांगला’ म्हणून मोकळा होतो.

विलंबित आलापात फरक सांगता येईना. उलट सडपातळ जोडीवर गळ्याचा पोत जरा जास्त गुळगुळीत वाटला. पण द्रुतला तबला मोकळा सुटला आणि चित्र पालटलं. मोठ्या पेटीवर चाटेचा टणत्कार वेगळा, त्यामागे डग्ग्याची घुमक वेगळी, आणि दोहोंच्या मधली क्षणभराची शांतता स्वच्छ. सडपातळ जोडीवर जोरकस थाप बसकी झाली. आवाज फाटला नाही, कर्कशही झाला नाही. फक्त थापेचं टोक कुणीतरी हाताने दाबल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी तानपुराही किंचित मागे सरकला.

कारण साधं आहे. सेन्सिटिव्हिटी मोजताना स्पीकरला सहसा २.८३ व्होल्ट देतात आणि १ मीटरवर किती डेसिबल मिळतात ते पाहतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टला १ वॉट जातो, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २. म्हणजे माझ्या सडपातळ जोडीचे ९२ डेसिबल दोन वॉटचे होते. वॉटमागे हिशेब केला तर ८९. आठ वॉटवर मोठी पेटी १०१ डेसिबलपर्यंत पोचते, सडपातळ जोडी ९८ ला थांबते. थापेचं टोक त्या तीन डेसिबलमध्ये गेलं.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर हा फरक लपतो. तो व्होल्ट कायम ठेवतो आणि ४ ओहमला दुप्पट करंट निमूटपणे पुरवतो, त्यामुळे छापलेला आकडा तिथे खरा वाटतो. व्हॉल्व्हच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा ४ ओहमचा टॅप वॉट तेवढेच देतो, व्होल्ट मात्र कमी करतो. जास्तीचे तीन डेसिबल तिथे मिळतच नाहीत.

कार्यक्षमता म्हणजे स्पीकरमध्ये गेलेल्या विजेतला किती भाग प्रत्यक्ष आवाज होऊन बाहेर पडतो, ते. टक्केवारी ऐकून धक्का बसेल. आवाज पुढच्या अर्ध्या अवकाशात सारखा पसरतो असं धरलं, तर वॉटमागे ९२ डेसिबल म्हणजे साधारण १ टक्का. बाकीचे नव्याण्णव भाग व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, तापवण्यात जातात. ८९ म्हणजे अर्धा टक्का, १०२ म्हणजे दहा टक्के. सगळीच्या सगळी वीज आवाज झाली तरी हिशेब ११२ च्या आसपास संपतो.

‘सारखा पसरतो असं धरलं तर’ ही अट महत्त्वाची, कारण कर्ण्याचे, म्हणजे हॉर्नचे, स्पीकर ती मोडतात. बॅटरीचा बल्ब तोच असतो, पण मागे आरसा लावला की समोर झोत पडतो आणि बाजूला अंधार. हॉर्नही आवाज असाच समोर गोळा करतो. म्हणून १०४ डेसिबलचा हॉर्न पाहून लगेच सोळा टक्के कार्यक्षमता मोजू नये. त्यातला काही भाग निव्वळ झोताचा असतो. बसल्या जागेवरून दोन हात बाजूला सरका, कळेल. पण हॉर्न म्हणजे नुसता आरसाही नाही. छोट्या पडद्याला हवेची पकड मिळत नाही, तो हवेत नुसताच हलतो. हळूहळू रुंदावत जाणारा गळा ती पकड देतो, आणि कार्यक्षमता खरोखरच वाढते.

मग सगळेच स्पीकर असे का नसतात? लहान पेटी, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन, यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढून क्लिप्शहॉर्न हा स्पीकर विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आकार सोडला: पेटी अवाढव्य, वर खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंती बासच्या हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरलेल्या. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या एआर-१ या स्पीकरने कार्यक्षमता सोडली आणि बंद, आटोपशीर पेटीतून खोल बास काढला. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट स्वस्त होत गेले आणि घरोघरी दुसरी वाट रुळली.

मला स्वतःला पहिली वाट जवळची, आणि तीही मोठ्या आवाजासाठी नव्हे. रात्री अगदी हळू लावलेल्या गाण्यात हार्मोनियमच्या भात्याची ये-जा मला मोठ्या पेटीवर ऐकू येते, छोट्यावर ती शोधावी लागते. तापलेल्या कॉइलमुळे आवाज दबतो असंही बरेच जण सांगतात. तांब्याचा रोध शंभर अंशांच्या वाढीला जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे सभागृहात ते खरंच आहे. घरच्या आवाजाला कॉइल सहसा इतकी तापत नाही. घरी जे दबतं ते बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपल्यामुळे.

या स्पीकरची किंमतही कानालाच मोजावी लागते. हॉर्न नीट जमला नसेल तर गायिका तोंडाशी हाताचा द्रोण धरून गातेय असं वाटतं, आणि एकदा ते कानात भरलं की जात नाही. शिवाय ९८-१०० डेसिबलचा स्पीकर गाण्याइतक्याच इमानाने अ‍ॅम्प्लिफायरची खरखरही मोठी करतो. म्हणून असा स्पीकर ऐकायला गेलो की गाणं लावण्याआधी मी नुसता अ‍ॅम्प्लिफायर चालू करून ट्विटरला, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला, कान लावतो, आणि मग बसायच्या जागेवर येऊन पुन्हा ऐकतो. तिथे सूं किंवा घूं ऐकू आलं, तर आधी अ‍ॅम्प्लिफायर बदलून पाहतो.