हिरवा पडदा आणि येवल्याची पैठणी

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका छोट्या स्टुडिओत थेट प्रक्षेपणाची तालीम सुरू असताना निवेदिकेच्या खांद्यावरून अचानक गोदावरी वाहू लागली. तिच्यामागे हिरवा पडदा होता, त्या जागी संगणकाने रामकुंडाचे दृश्य बसवले होते, आणि ती नेसली होती येवल्याची हिरवी पैठणी. रंग ओळखून पार्श्वभूमी बदलणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत 'क्रोमा'ला, पडदा कोणता आणि पदर कोणता हे कळत नाही. तिला फक्त आकडे दिसतात.

चित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवे व निळे अशी तीन मूल्ये असतात. हिरव्यातून उरलेल्या दोहोंपैकी मोठे मूल्य वजा करावे, ही या गणिताची सर्वांत साधी रीत. पडद्यावरील बिंदूचे आकडे ६०, १८० व ७० असतील तर बाकी ११० उरते, म्हणून तो बिंदू पारदर्शक करून तेथे रामकुंड दाखवायचे. त्वचा गोरी असो वा सावळी, तिच्यात लाल मूल्यच सर्वाधिक असल्याने चेहरा शाबूत राहतो. त्या पैठणीचे उभे व आडवे धागे वेगवेगळ्या रंगांचे होते. त्यामुळे ज्या निरीवर लालसर झाक उमटे ती टिकत होती, तर शेजारची निरी नाहीशी होत होती.

पडदा हिरवाच का, याचे एक उत्तर कॅमेऱ्याच्या पोटात आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या ज्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले, तिच्यात संवेदकावरील निम्मे बिंदू हिरवा प्रकाश टिपतात आणि उरलेल्या निम्म्यात लाल व निळा वाटून घेतात. साहजिकच हिरव्याची नोंद सर्वांत बारकाईने होते.

खरी कसोटी कडांवर लागते. केसाच्या एका बटेत केस आणि पडदा दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे तो बिंदू अर्धवट पारदर्शक ठेवावा लागतो. त्यातच अनेक साधे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची, पण रंगाची मात्र चार बिंदूंमागे एकच ठेवतात. मग बटांभोवती करवतीसारखी कड दिसते. चित्रपटात ती नंतर सावकाश सुधारता येते. थेट प्रक्षेपणात सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तर दर ४० मिलिसेकंदांना फुल एचडी चित्रातील सुमारे २० लाख ७३ हजार बिंदूंचा निवाडा करावा लागतो, आणि त्यात चित्र जेवढे मागे पडेल तेवढाच आवाजही मुद्दाम मागे ठेवावा लागतो, नाहीतर ओठ आधी हलतात की शब्द, असा घोळ होतो.

निवेदिकेने अखेर वांगी रंगाची पैठणी नेसली, तरी जरीच्या काठावर हिरवट छटा राहिलीच, कारण पडद्यावरून परावर्तित झालेला प्रकाश जरीची तार आरशासारखी उचलत होती. संगणकावर तो हिरवेपणा छाटला तेव्हा काठातले हिरवे मोरही राखाडी झाले. शेवटी तिला पडद्यापासून चार पावले पुढे उभे केले, पडद्यावरचे दिवे थोडे मंद केले, त्यामुळे हिरवेपणा छाटावा लागला नाही, आणि मोर पुन्हा हिरवे दिसू लागले.